विश्लेषण : जुन्या प्लास्टिकच्या डायनासोरला एवढी किंमत का मिळते?

माळ्यावरच्या खोक्यात पडलेला, एक पाय वाकलेला, रंग उडालेला प्लास्टिकचा डायनासोर दिवाळीच्या साफसफाईत बहुतेक घरांत थेट भंगारात जातो. मात्र असाच एखादा डायनासोर अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जपानमध्ये कोणी तरी जपून काचेच्या कपाटात ठेवलेला असतो आणि तो विकत घ्यायला दुसरा कोणी तरी चांगली रक्कम मोजायला तयार असतो. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ची खेळणी, १९५० च्या दशकातले एकरंगी प्लास्टिकचे प्राणी, पेट्रोल पंपावर मिळालेल्या भेटवस्तू, चित्रपटाचे चित्र छापलेले पेले आणि जेवणाचे डबे या सगळ्यांची स्वतंत्र बाजारपेठ आहे. ही किंमत येते कुठून, ती टिकते का आणि आपल्या घरातल्या खोक्याला त्यातले काही लागू होते का, याचा हा आढावा.

संग्राहक नेमके काय जमवतात?

या छंदात ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट संग्रहालयांच्या दुकानांत आणि साध्या खेळण्यांच्या दुकानांत विकल्या गेलेल्या जुन्या डायनासोर प्रतिकृतींचा. दुसरा चित्रपटांच्या अधिकृत खेळण्यांचा, म्हणजे चित्रपट कंपनीकडून परवाना घेऊन खेळणी कंपनीने बनवलेल्या वस्तूंचा. तिसरा गट किरकोळ, मजेशीर वस्तूंचा. त्यात खाद्यपदार्थांसोबत मिळालेले पेले, स्टिकर, चाव्यांच्या साखळ्या, डबे, टोप्या, असे काहीही येते. यातल्या तिसऱ्या गटातल्या वस्तू मुळात जवळजवळ फुकट मिळालेल्या असतात आणि म्हणूनच त्या कोणी जपलेल्या नसतात.

इथेच या बाजाराचे मूळ गणित सापडते. जी वस्तू लाखोंनी बनली, पण वापरून फेकून देण्यासाठीच बनली, तिच्या चांगल्या अवस्थेतल्या प्रती ३०-४० वर्षांनी थोड्याच उरतात. मुलांनी ती वाळूत पुरली, पाण्यात बुडवली, कुत्र्याने चावली, आईने शेजारच्या लहान मुलाला देऊन टाकली. उरलेल्या मोजक्या नगांना किंमत येते ती या न जपल्यामुळे.

डायनासोरची खेळणी आली कुठून?

डायनासोर विकण्याचा उद्योग चित्रपटांपेक्षा जुना आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ मध्ये बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. त्यांच्या छोट्या प्रतिकृतीही शिकवण्यासाठी विकल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत संग्रहालयांच्या दुकानांत धातूचे छोटे डायनासोर मिळू लागले. ‘एसआरजी’ या कंपनीच्या तशा प्रतिकृती आजही संग्राहक शोधतात.

लोकांच्या घराघरांत डायनासोर पोहोचवण्यात एका तेल कंपनीचाही वाटा आहे. अमेरिकेतील सिंक्लेअर कंपनीने १९३० च्या दशकात हिरवा ब्राँटोसॉरस आपले बोधचिन्ह केले. खनिज तेल जुन्या काळातले, म्हणून चिन्हही जुन्या काळातले, असा हा जाहिरातीचा तर्क होता. (तेल डायनासोरपासून बनलेले नाही. ते मुख्यतः सूक्ष्म सागरी जिवांच्या अवशेषांपासून बनले. पण तो गैरसमज या चिन्हाने घट्ट केला.) १९३५ मध्ये कंपनीने डायनासोरच्या चित्रांची तिकिटे आणि ती चिकटवण्याचा अल्बम पंपांवर वाटला. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तिने ‘डायनोलँड’ उभारले. तिथे फायबरग्लासचे नऊ पूर्णाकृती डायनासोर होते आणि शेजारी ‘मोल्ड-ए-रामा’ नावाची यंत्रे. नाणी टाकली की यंत्राचे साचे मिटत, आत वितळलेले प्लास्टिक जाई आणि थोड्या वेळात गरमागरम डायनासोर हातात पडे. आजोबांनी त्या प्रदर्शनातून आणलेला हा मेणासारखा गुळगुळीत प्राणी अमेरिकेतल्या अनेक घरांत पुढच्या पिढीकडे आला. तिथले मोठे पुतळेही वाया गेले नाहीत. त्यातले ब्राँटोसॉरस आणि टायरॅनोसॉरस आज टेक्सासमधील डायनोसॉर व्हॅली उद्यानात उभे आहेत.

१९५५ पासून लुई मार्क्स या कंपनीने एकरंगी प्लास्टिकचे डायनासोर संचात विकले. दुकानात मिळणाऱ्या पाकिटात हिरवे, करडे, तपकिरी असे प्राणी भरलेले असत. १९७४ पासून ब्रिटनमध्ये इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने लंडनच्या नॅचरल हिस्टरी संग्रहालयासाठी प्रमाणबद्ध प्रतिकृती काढल्या. ‘मास्टरमाइंड’ हा रंगीत खुंट्यांचा खेळ विकणारी कंपनी हीच. पुढे १९८८ मध्ये सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या सहकार्याने हाताने रंगवलेल्या डायनासोरची मालिका सुरू केली आणि ती २०१५ मध्ये बंद झाली. संग्राहकांच्या भाषेत ‘बंद झाली’ या दोन शब्दांना वजन असते. उत्पादन थांबले की जे आहे तेवढेच उरते.

चित्रपटांनी काय बदलले?

चित्रपटाच्या खेळण्यांचा आजचा धंदा ‘स्टार वॉर्स’पासून आकाराला आला, असे मानले जाते. २५ मे १९७७ रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी खेळण्यांचे आणि इतर वस्तूंचे हक्क स्वतःकडे राखले आणि पुढे याच हक्कांनी त्यांना गडगंज केले. खेळण्यांचा परवाना केनर या कंपनीला मिळाला. पण चित्रपट एवढा चालेल, याचा अंदाज कंपनीला नव्हता आणि त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार होणे शक्य नव्हते. केनरने मग चक्क रिकामा खोका विकला. त्यात पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कुपन होते. कुपन भरून पाठवले की काही महिन्यांनी चार बाहुल्या टपालाने घरी येत. मुलांनी कुपन कापून पाठवले, पुठ्ठा फेकला. आज तो न कापलेला, पूर्ण संच मिळणे ही संग्राहकांसाठी मोठी गोष्ट आहे.

डायनासोरचा मोठा क्षण आला ११ जून १९९३ रोजी. मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीवरील स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ज्युरासिक पार्क’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. युनिव्हर्सलने सुमारे ६ कोटी ५० लाख डॉलरची प्रसिद्धी मोहीम आखली होती. त्यात १०० कंपन्यांशी करार आणि १,००० उत्पादने होती. चिप किड यांनी कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी काढलेला टायरॅनोसॉरसचा काळा सांगाडा थोड्या फेरफाराने चित्रपटाचे बोधचिन्ह झाला. मग तो खेळणी, कपडे, पेले, डबे यांवर झळकला. गंमत अशी की, खुद्द चित्रपटात उद्यानाच्या स्वागत केंद्रातल्या दुकानात याच चिन्हाच्या वस्तू मांडलेल्या दिसतात. शास्त्राची समज येण्याआधीच त्याचे डबे विकायला काढले, अशी टीका त्यातले एक पात्र करते. टीकाही चित्रपटात आणि डबेही दुकानात, असा हा व्यवहार होता.

याच चित्रपटातली एक किरकोळ वस्तू छंदाचे रूप नेमके दाखवते. उद्यानातला संगणकतज्ज्ञ डायनासोरचे भ्रूण चोरून नेतो ते दाढीच्या फेसाच्या डब्यातून. तो डबा ‘बार्बासोल’ या खऱ्या कंपनीचा होता. दुकानात काही डॉलरना मिळणारा, वापरून कचऱ्यात जाणारा. कंपनीने डब्याची रचना पुढे बदलली आणि चित्रपटात दिसणारा जुना डबा चाहते शोधू लागले. मग कंपनीनेही पुढच्या चित्रपटांच्या वेळी खास डबे काढले.

केनरच्या खेळण्यांत वेगळे काय होते?

ज्युरासिक पार्कची खेळणीही केनरनेच बनवली. तोपर्यंत ही कंपनी हॅस्ब्रोच्या छत्राखाली गेली होती. या डायनासोरांच्या अंगावर ‘जेपी’ ही अक्षरे आणि क्रमांक असलेली खूण होती. आपला माल खरा, बाकीचे नकली, हे सांगण्याची ती सोपी युक्ती होती आणि आज ३० वर्षांनंतर तीच खूण ओळखीसाठी कामी येते. बऱ्याच प्राण्यांच्या अंगावरून मांसाचा एक तुकडा काढता येई आणि खाली हाडे दिसत. झुंजीत ‘जखम’ दाखवण्यासाठी केलेली ही सोय होती. हा अंगठ्याएवढा तुकडा खेळता खेळता सर्वांत आधी हरवे. त्यामुळे तुकड्यासह असलेला डायनासोर आणि तुकड्याविना असलेला तोच डायनासोर यांच्या किमतींत मोठी तफावत पडते. माणसांच्या बाहुल्यांसोबत मिळणारी छोटी हत्यारे आणि पत्ते यांचेही तेच.

१९९८ मध्ये केनरने ‘केऑस इफेक्ट’ नावाची मालिका काढली. त्यात निरनिराळ्या प्राण्यांचे संकर होते. तिचे काही नियोजित प्राणी बाजारात आलेच नाहीत. दुकानात न पोहोचलेल्या खेळण्यांचे नमुने हा संग्राहकांचा आणखी एक आवडता, पण महागडा प्रांत आहे.

स्वस्त नकलांचे काय?

सगळी मौल्यवान खेळणी नामांकित कंपन्यांची नसतात. हाँगकाँगमध्ये बनलेले, कुठल्याच पुस्तकात न सापडणारे विचित्र प्लास्टिकचे प्राणी १९६०-७० च्या दशकांत ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून पाकिटात मिळत. पाठीवर कवच, तोंडाला चोच, शेपटीला पंखा, असे काहीही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स यांनी युद्धखेळाच्या पटावर अशी काही खेळणी राक्षस म्हणून मांडली. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळात पुढे त्यांच्यावरून ‘रस्ट मॉन्स्टर’, ‘बुलेट’ आणि ‘आउलबेअर’ हे राक्षस तयार झाले. आज मूळ खेळणी हुडकणारे संग्राहक डायनासोरचे चाहते असतीलच असे नाही. ते त्या खेळाचे चाहते असतात. म्हणजे एखाद्या वस्तूची मागणी कोणत्या दिशेने येईल, हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

किंमत ठरते कशी?

नुसते ‘जुने’ असणे पुरेसे नाही. बाजार पाच गोष्टी पाहतो.

पहिली, अवस्था. रंग उडाला आहे का, सांधे सैल आहेत का, प्लास्टिक चिकट झाले आहे का.

दुसरी, पूर्णता. सुटे भाग, माहितीपत्रक, बॅटरीचे झाकण हे सर्व आहे का.

तिसरी, वेष्टन. न उघडलेला खोका किंवा पुठ्ठ्यावर सीलबंद असलेले खेळणे हा सर्वांत वरचा दर्जा. काही खासगी संस्था खेळण्याची तपासणी करून त्याला गुण देतात आणि ते पारदर्शक पेटीत बंद करतात. शाळेच्या गुणपत्रिकेसारखे हे गुण किमतीत थेट उतरतात.

चौथी, प्रकार. एकाच खेळण्याच्या दोन आवृत्त्या असतील तर कमी काळ विकली गेलेली महाग. ‘स्टार वॉर्स’मधला जावा हा छोटा प्राणी सुरुवातीला विनायलच्या, म्हणजे रेक्झिनसारख्या झग्यात आला. स्वस्त दिसतो म्हणून केनरने लवकरच कापडी झगा दिला. आज विनायल झग्याचा जावा दुर्मीळ ठरतो. तेच झगे नकली बनवून विकणाऱ्यांचा धंदाही त्यामुळे चालतो.

पाचवी, कथा. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या लिलावात बोबा फेट या ‘स्टार वॉर्स’ पात्राचा एक नमुना ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. पाठीवरचे अग्निबाण उडवणारी ही बाहुली केनरने १९७९ मध्ये जाहीर केली होती. पण दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातले क्षेपणास्त्र गिळून एका मुलाचा मृत्यू झाला आणि केनरने बाण उडवण्याची सोय रद्द केली. बाजारात आलेल्या बाहुलीचा बाण कायमचा चिकटवलेला होता. कारखान्यात उरलेले मोजके नमुने म्हणूनच लाखमोलाचे ठरले.

या एका लिलावाच्या आकड्यावरून घरातल्या खेळण्याचा भाव लावणे मात्र चुकीचे. बातमी होते ती अपवादाची. ज्युरासिक पार्कचे सुटे, खेळलेले डायनासोर आजही अनेक देशांत सहज मिळतात.

‘कलेक्टर्स एडिशन’ महाग का होत नाही?

हा प्रश्न नव्या खरेदीदारासाठी सर्वांत महत्त्वाचा. खोक्यावर ‘मर्यादित आवृत्ती’ छापलेले असेल तर किंमत वाढणारच, असा समज असतो. अनुभव वेगळा आहे.

१९९० च्या दशकात जुन्या ‘स्टार वॉर्स’ बाहुल्यांचे भाव वाढलेले पाहून हजारो प्रौढांनी १९९५ पासून आलेली नवी खेळणी न उघडता जपून ठेवली. १९९९ मध्ये ‘एपिसोड वन’ आला तेव्हा तर ती ढिगाने बनली आणि ढिगाने साठवली गेली. परिणाम असा की, सीलबंद नग आजही भरपूर आहेत आणि बहुतेकांना फारशी किंमत नाही. ‘बीनी बेबीज’ या मऊ खेळण्यांचे तेच झाले. कंपनीने मुद्दाम काही प्रकार बंद करून टंचाई निर्माण केली, १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी ती निवृत्तीच्या ठेवीसारखी साठवली आणि काही वर्षांत तो फुगा फुटला.

सगळ्यांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. दुर्मीळ होते ती सगळ्यांनी टाकून दिलेली वस्तू.

कंपन्यांनाही प्रौढ ग्राहकाची किंमत कळली आहे. २०१८ पासून ज्युरासिक मालिकेचा परवाना मॅटेलकडे आहे आणि २०२२ मध्ये तिने मोठ्या चाहत्यांसाठी ‘हॅमंड कलेक्शन’ ही जास्त बारकाव्यांची मालिका काढली. बाजार संशोधन कंपनी सर्काना हिच्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेतील खेळणी खरेदीत १८ वर्षांवरील ग्राहकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या गटाला प्रथमच मागे टाकले. ही मोठी माणसे खेळणी फेकत नाहीत. म्हणजे आजची खेळणी उद्या दुर्मीळ होण्याची शक्यता आणखी कमी.

प्लास्टिक म्हातारे होते का?

होते, आणि हा या छंदातला कमी बोलला जाणारा धोका आहे. प्लास्टिक निसर्गात शेकडो वर्षे राहते, हे ऐकून ते कपाटातही तसेच टिकेल असे वाटते. पण कचरा म्हणून टिकणे वेगळे आणि खेळणे म्हणून टिकणे वेगळे.

मऊ डायनासोर बहुतेक वेळा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात. त्यांना ‘प्लास्टिसायझर’ म्हणतात आणि त्यांतील अनेक थॅलेट गटातली असतात. ही द्रव्ये पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मध्ये शिरून बसलेली असतात. त्यामुळे वर्षानुवर्षे ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. खेळणे चिकट होते, धूळ धरते आणि शेवटी कडक होऊन तडकते. उष्णतेने हे वेगाने होते. पत्र्याखालचा माळा ही म्हणूनच सर्वांत वाईट जागा.

हीच द्रव्ये शेजारच्या कडक पॉलिस्टायरिनलाही मऊ करतात. रबरी डायनासोर आणि कडक प्लास्टिकची जीप एकाच खोक्यात चिकटून ठेवली तर काही वर्षांनी जीपवर डायनासोरच्या पायाचा खड्डा पडलेला दिसतो. पांढरे आणि करडे कडक प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते. गर्जना करणाऱ्या डायनासोरच्या पोटात बॅटरी विसरली तर तिच्यातून पाझरणारे क्षारयुक्त रसायन आतली तांब्याची पट्टी खाऊन टाकते.

म्हणजे सीलबंद खोक्याला ठरावीक गुण मिळाले तरी आतले खेळणे आतल्या आत बदलत असते. पुठ्ठा कोरा आणि डायनासोर चिकट, ही शक्यता प्रत्येक खरेदीदाराने गृहीत धरायला हवी.

आणखी एक बाजू आरोग्याची. जुन्या रंगांत शिसे असू शकते. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून मुलांच्या वस्तूंतील शिसे आणि काही थॅलेटवर कडक मर्यादा आणली. त्याआधीची खेळणी त्या कसोटीवर बनलेली नाहीत. संग्रहातला डायनासोर तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नये, हे उघड आहे.

चुकीचा डायनासोर मोलाचा का?

मार्क्सचा टायरॅनोसॉरस ताठ उभा असतो, शेपटी जमिनीवर टेकवलेली, पोट सुटलेले. आज कोणताही जीवाश्मतज्ज्ञ असे चित्र मान्य करणार नाही. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकसचे वर्णन केल्यानंतर चपळ, धावत्या डायनासोरची कल्पना रुजली आणि शेपटी जमिनीवरून उचलली गेली. ज्युरासिक पार्कची खेळणी या नव्या विज्ञानाची. तरी तीही मागे पडली. १९९६ मध्ये चीनमधून पिसांसारखे आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स जगासमोर आला. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर पिसांच्या खुणा सापडल्या. शिवाय खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की पक्ष्याएवढा होता. चित्रपटातला माणसाएवढा प्राणी डायनोनिकसच्या जवळचा.

पण जुने खेळणे चुकीचे असल्याने त्याचे मोल कमी होत नाही. त्या काळात शास्त्राला काय ठाऊक होते आणि ते मुलांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचले, याचा तो हातात धरता येणारा पुरावा असतो. १९५५, १९७४, १९८८ आणि १९९३ चे चार टायरॅनोसॉरस शेजारी ठेवले की ४० वर्षांत शास्त्र कसे बदलले, हे पुस्तक न उघडता समजते.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

भारतात ज्युरासिक पार्क १९९४ मध्ये हिंदीत भाषांतरित होऊन आला आणि इंग्रजी न येणाऱ्या प्रेक्षकांनीही त्याला गर्दी केली. डब केलेल्या हॉलीवूडपटांची भारतीय बाजारपेठ त्यानंतर वाढली. आज चाळिशीच्या आसपास असलेली पिढी ती. संग्राहकांची संख्या वाढते ती नेमकी याच वयात. लहानपणी हवे असलेले, पण न मिळालेले खेळणे स्वतःच्या पगारातून घेण्याचे हे वय.

भारतात बनलेल्या खेळण्यांनाही परदेशात मागणी आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या फनस्कूलने, जिचा एक कारखाना गोव्यात आहे, हॅस्ब्रोचे साचे वापरून ‘जी. आय. जो’ बाहुल्या भारतात बनवल्या. अमेरिकी आवृत्तीपेक्षा त्यांचे रंग आणि सुटे भाग वेगळे. तेव्हा इथल्या मुलांना तो फरक ठाऊक नव्हता. आज परदेशी संग्राहक तो फरकच शोधतात.

उलट दिशेने, म्हणजे परदेशातून इथे खेळणे मागवणे महाग पडते. केंद्र सरकारने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्तीही लागू झाली. हे नियम स्वस्त, निकृष्ट आयात रोखण्यासाठी आहेत. पण परदेशी लिलावात बोली लावणाऱ्याने वस्तूच्या किमतीत टपालखर्च, शुल्क आणि पार्सल अडकण्याची शक्यता धरूनच हिशेब करावा.

आणि खऱ्या डायनासोरचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे एका प्रचंड, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्याला ‘आयसिसॉरस’ हे नाव मिळाले. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आले आहे. खेळण्यांच्या दुकानात मात्र मराठी मुलाला अमेरिकेतला टायरॅनोसॉरस सहज मिळतो, चंद्रपूरचा आयसिसॉरस नाही. चित्रपट कोणाला नायक करतो, यावर खेळण्यांच्या फळीवर कोण दिसणार हे ठरते.

गुंतवणूक म्हणून घ्यावे का?

सोने किंवा मुदत ठेवीशी तुलना केली तर उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असेच येते. खेळण्यावर व्याज मिळत नाही. विकायचे ठरवल्यावर योग्य गिऱ्हाईक मिळायला महिने लागतात. लिलावगृहाचे शुल्क, टपाल आणि विमा वजा होतो. प्लास्टिक खराब होण्याचा धोका आहेच. आणि मागणी एका पिढीच्या आठवणीवर उभी असते. १९५० च्या दशकात मार्क्सच्या प्राण्यांशी खेळलेली मुले आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांचे संग्रह विक्रीला निघतील तेव्हा घेणारे तेवढेच असतील का, हा प्रश्न त्या बाजारापुढे आहे. ज्युरासिक पार्कची पिढी आज कमावत्या वयात आहे, म्हणून त्या खेळण्यांचे भाव तेजीत दिसतात. ही तेजी कायमची मानून कर्ज काढून खरेदी करणे शहाणपणाचे नाही.

घरात जुनी खेळणी असतील तर काय करावे?

भंगारात देण्याआधी पायाखाली, पोटावर किंवा शेपटीखाली कोरलेली अक्षरे पाहावीत. कंपनीचे नाव आणि वर्ष तिथे असते. मात्र ते वर्ष बहुधा हक्क नोंदवल्याचे किंवा साच्याचे असते. त्याच साच्यातून पुढे अनेक वर्षे माल निघालेला असू शकतो.

किंमत जाणून घेताना विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नये, प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत. ऑनलाइन लिलावांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीची यादी वेगळी दिसते.

साफ करताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य किंवा थिनर लावले की रंग आणि पृष्ठभाग दोन्ही जातात. नव्याने रंगवू नये. मूळ उडालेला रंग नव्या रंगापेक्षा जास्त मोलाचा असतो.

बॅटरी काढून ठेवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई प्लास्टिकवर उतरते. मऊ आणि कडक प्लास्टिक वेगळे ठेवावे. जागा थंड, कोरडी आणि उन्हापासून दूर असावी.

आणि खेळण्यावर कोणतेच नाव नसेल, बाजारात किंमत शून्य असेल, पण ते घरातल्या कोणाचे तरी लहानपणचे असेल, तर ते ठेवायचे की नाही, हे लिलावाचा आकडा ठरवू शकत नाही. या सगळ्या बाजाराची सुरुवात तशाच एखाद्या खेळण्यापासून झालेली असते.